भांडण टोकाला जाण्याआधी

ज्यांच्या घरात आज नवरा-बायकोचं पटत नाही, सासू-सुनेचं बोलणं बंद आहे, वडील आणि मुलगा एका पंगतीला बसत नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं सांगणं एकच आहे. मदत मागायला उशीर करू नका. कौटुंबिक समुपदेशनाच्या कामात मी बरीच वर्षं आहे. आमच्याकडे येणारी माणसं वाईट नसतात, अडाणी तर मुळीच नसतात. पण ती येतात तेव्हा बायको कित्येक महिने माहेरी असते, दोन्ही बाजूंनी वकिलाच्या नोटिसा गेलेल्या असतात, लग्नात दिलेल्या भांड्याकुंड्यांच्या याद्या झालेल्या असतात. खुर्चीवर बसल्या बसल्या पहिलं वाक्य येतं, "आता बोलण्यासारखं काही उरलं नाही, मॅडम." हीच जोडी पहिल्या वर्षी आली असती, तर पुष्कळदा दोन-चार भेटींत वाट निघाली असती.

उशीर का होतो तेही बघा. घरातली गोष्ट चव्हाट्यावर न्यायची नाही, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. मुलीच्या आईला वाटतं, रुळेल हळूहळू. मुलाच्या आईला वाटतं, आपण मध्ये पडलो तर खापर आपल्यावरच फुटेल. नवरा कामावरून उशिरा यायला लागतो. बायको बहिणीशी फोनवर मन मोकळं करते आणि नवऱ्याशी गॅस, फी, लाइट बिल एवढंच बोलते. वरवर सगळं शांत दिसतं, म्हणून कुणाला काही करावंसं वाटत नाही. मग एखाद्या लग्नात नाहीतर दिवाळीत कुणीतरी टोचून बोलतं आणि तीन वर्षांचं साठलेलं अर्ध्या तासात बाहेर पडतं. त्या अर्ध्या तासातले शब्द पुढे कोर्टाच्या अर्जात जसेच्या तसे उतरतात.

त्यानंतर बैठक बसते. मुलीकडचे सात-आठ जण गाडी करून येतात. इकडे मामा, काका, लग्न जमवणारे मध्यस्थ, गावातले एक-दोन मानाचे लोक आधीच बसलेले असतात. पोहे होतात, चहा होतो, पाऊसपाण्याच्या गप्पा होतात. मग लग्नातल्या मानपानापासून सुरुवात होते. आहेर कुणाचा हलका होता, वऱ्हाडाला पंगतीसाठी किती ताटकळत ठेवलं, कुणाच्या आत्याला साडी नेसवायची राहिली. ज्या दोघांसाठी हे सगळे जमलेले असतात, त्यांतली एक आतल्या खोलीत दाराआड उभी असते आणि दुसरा खाली मान घालून बसलेला असतो. शेवटी वडीलधारे सांगतात, "झालं गेलं विसरा, उद्यापासून नीट राहा." बिनसलं कशावरून, हे कुणी विचारलेलंच नसतं.

वडीलधाऱ्यांच्या मनाबद्दल मला शंका नाही. त्यांना संसार टिकवायचा असतो आणि त्यासाठी ते कामधंदा सोडून आलेले असतात. पण वीस माणसांसमोर कुणी आपलं कर्ज सांगत नाही, आजार सांगत नाही, नवरा-बायकोमधली शरीराची अडचण तर नाहीच नाही. म्हणून माझी विनंती आहे, बैठक बोलावण्याआधी एक माणूस शोधा. दोघांनाही चालेल असा. तो नात्यातला असला तरी हरकत नाही, फक्त लग्नातल्या मानापमानात तो नसावा, त्याला ऐकून घेता यावं आणि ऐकलेलं त्याने पोटात ठेवावं. कुणाची आत्या असेल, कुणाचे जुने शिक्षक असतील. असं कुणी नसेल तर सरळ प्रशिक्षित समुपदेशकाकडे जा.

घर हलवून सोडणाऱ्या गोष्टींत मी सगळ्यात वर लपवलेलं कर्ज ठेवीन. मोबाइल, संशय, सासू-सासरे यांची चर्चा जास्त होते. पण त्या भांडणांच्या तळाशी पैसा निघाल्याचं मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे. एका घराचं नाव-गाव न सांगता सांगते. नवरा एमआयडीसीत कामाला. ओव्हरटाइम बंद झाला, घराचा हप्ता मात्र तेवढाच राहिला. बायको काळजी करेल म्हणून त्याने काही सांगितलं नाही. आधी मित्राकडून उसने घेतले, मग पतसंस्था झाली, मग मोबाइलवरच्या ॲपवरून कर्ज काढलं, शेवटी तिच्या पाटल्या गेल्या. चुलत दिराच्या हळदीच्या दिवशी तिने कपाटातला डबा उघडला, तर आत सोनेतारणाची पावती होती, चार घड्या घातलेली. आमच्यासमोर ती म्हणाली, "पाटल्यांचं काही नाही हो ताई. ह्यांनी मागितल्या असत्या तर मी दिल्या नसत्या का? पण इतके महिने शेजारी झोपून मला कळू दिलं नाही, ते सहन होत नाही."

त्या दिवशी कोण चुकलं यावर आम्ही बोललोच नाही. दोघांच्या मध्ये मुलाच्या वहीचं एक कोरं पान ठेवलं. कुणाचे, किती, व्याज काय, हप्ता कोणत्या तारखेला, गहाण काय. तो लिहीत गेला. ॲपच्या कर्जापाशी त्याचा हात थांबला, कारण वसुलीवाले त्याच्या सुपरवायझरला फोन करत होते आणि त्याने तेही सांगितलेलं नव्हतं. मग तिने पेन हातात घेतलं आणि तो सांगेल तसं लिहिलं. एकूण बेरीज तिच्या मनातल्या आकड्यापेक्षा कमी निघाली. बहुतेक वेळा तसंच होतं. न सांगितलेला आकडा मनात वाढत राहतो.

तुमच्या घरात असं काही असेल तर हे पान आजच लिहा. सगळ्यात जास्त व्याजाचं कर्ज कोणतं, ते आधी बघा. हप्ता थकण्याआधी बँकेत जाऊन मुदत वाढवून मागा. थकल्यानंतर मागण्यापेक्षा ते सोपं असतं. वसुलीवाल्यांची भीती वाटत असेल तर एवढं लक्षात ठेवा की रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ करणं, धमकी देणं, नातेवाइकांत आणि कामाच्या ठिकाणी बदनामी करणं यालाही मनाई आहे. खाजगी सावकाराकडून घेतलं असेल तर त्याच्याकडे परवाना आहे का ते विचारा. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांच्या कार्यालयात करता येते. आणि ज्याला जोडीदाराने हे सगळं सांगितलं, त्याने त्या दिवशी तरी "मी तुला आधीच सांगितलं होतं" हे वाक्य तोंडातून काढू नये. सांगण्याची हिंमत पुन्हा होणार नाही.

दुसरी गोष्ट अबोल्याची. "आम्ही कधी भांडत नाही" असं जी माणसं सांगतात, त्यांना मी मुद्दाम विचारते, मग बोलता का? अबोला धरणं आपल्याकडे भांडणात धरलंच जात नाही. उलट तो समजूतदारपणा मानला जातो. पंधरा दिवस, महिना, कधी अख्खा चातुर्मास घरात दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत आणि निरोप पोचवायचं काम मुलांकडे येतं. "पप्पांना सांग, ताट वाढलंय." "मम्मीला सांग, मला भूक नाही." तिसरी-चौथीतली एक मुलगी आमच्याकडे आईबरोबर आली होती. बोलता बोलता तिने सांगितलं, की ती निरोप बदलून सांगते. पप्पा म्हणाले, "मला नको तिच्या हातचं," तर ती स्वयंपाकघरात जाऊन सांगायची, "पप्पा म्हणाले, थोड्या वेळाने जेवतो." आई बाहेर आली तेव्हा तिला हे सांगितलं, तर ती बराच वेळ काही बोलू शकली नाही. नऊ वर्षांच्या लेकराने घर सांभाळायचं का? ती पुस्तकं उघडून बसलेली असते, पण कान बाहेरच्या खोलीकडे असतात. अशा मुलांचं पोट दुखतं, शाळेत लक्ष लागत नाही, काही मुलं मोठी होऊनही अंथरूण ओलं करतात आणि आपण त्यांना जंताचं औषध देत बसतो.

राग आला तर थांबणं चांगलंच. पण थांबताना वेळ सांगा. "आत्ता माझं डोकं तापलंय, उद्या सकाळी चहा झाला की बोलू." आणि सकाळी खरंच बोला. रात्री उशिरा, दारू पिऊन आलेलं असताना किंवा पाहुण्यांसमोर विषय काढू नका. व्हॉट्सॲपवर तर भांडूच नका. तिथे लिहिलेलं राहतं, भावाकडे जातं, मेव्हण्याकडे जातं आणि पुढे त्याच्या प्रिंट निघतात. एका वेळी एकच विषय घ्या. पैशाचं बोलायला बसलात तर सासूबाई काय म्हणाल्या ते त्या दिवशी राहू द्या. मुलांना काहीच कळत नाही असं समजू नका. त्यांना जवळ घेऊन सांगा, "आमचं दोघांचं भांडण झालंय. ते तुझ्यामुळे झालेलं नाही. ते मिटवणं आमचं काम आहे." एवढं पुरतं. कोण चूक, कोण बरोबर हे त्यांना विचारू नका, सांगूही नका.

बिनसलेल्या जोडप्याला घरोघरी एक सल्ला ठरलेला असतो, "एक मूल होऊ द्या, सगळं मार्गी लागेल." वडीलधाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, हा सल्ला देऊ नका. मूल झाल्यावरचं पहिलं वर्ष चांगल्या चाललेल्या संसाराचीही परीक्षा बघतं. बाळंतपण माहेरी होतं, दोन-तीन महिन्यांनी ती बाळाला घेऊन परत येते आणि तिथल्या मायेच्या जागी इथे चार सल्ले असतात. बाळ रात्रीतून चारदा उठतं. नवऱ्याला सकाळी कामावर जायचं म्हणून तो बाहेरच्या खोलीत झोपतो. सासूबाई म्हणतात, "आम्ही चार-चार वाढवली, कधी कुरकुर केली नाही." त्याला वाटतं, हिला आता आपली पर्वा नाही. तिला वाटतं, या घरात बाळ फक्त माझं एकटीचं आहे.

यात आजारही असू शकतो, तो ओळखा. बाळंत झालेली बाई दोन आठवडे उलटून गेले तरी सारखी रडते, बाळ झोपलेलं असतानाही तिला झोप येत नाही, बाळाला घ्यावंसं वाटत नाही, आपण आई म्हणून नालायक आहोत असं म्हणते, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. ते नाटक नव्हे, नजर लागलेली नाही, बाहेरचंही काही नाही. अंगारे-धुपारे करत दिवस घालवू नका. बाळाच्या लसीच्या दिवशी नर्सताईंना सांगा, आशाताईंना सांगा, ज्यांनी बाळंतपण केलं त्या डॉक्टरांना सांगा. उपचार आहेत, आणि अंगावर पाजत असतानाही चालतील अशी औषधं डॉक्टर देऊ शकतात. तिच्या तोंडून बाळाला किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा आली, भलतेच भास व्हायला लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि सासूबाईंनो, तुम्ही पहाटे पाच ते आठ बाळ आपल्याजवळ घेतलंत, तर तीन तासांच्या सलग झोपेने सुनेचा चेहरा आठवड्यात बदललेला दिसेल. नवऱ्यानेही एक रात्र स्वतःकडे घ्यावी. सुट्टीच्या आदल्या दिवशी तरी.

म्हाताऱ्या आई-वडिलांच्या आजारपणात भावंडांचं जे होतं, त्याबद्दल थोडंच सांगते. एक भाऊ गावी सगळं करतो, दुसरा पुण्यात नाहीतर अमेरिकेत असतो आणि व्हिडिओ कॉलवरून सूचना देतो. करणाऱ्याला वाटतं, हा नुसता बोलतो. लांबच्याला वाटतं, मी पैसे पाठवतो त्याचं काही नाही. आणि खरं म्हणजे शी-शू काढणारी बहुतेक घरात सून असते, जिचं नाव या हिशेबात येतच नाही. कुणी किती दिवस यायचं, औषधांचा खर्च कसा वाटायचा, सुनेला वर्षातून कधी सुट्टी मिळणार, हे आई-वडील धडधाकट असतानाच कागदावर लिहून ठेवा.

दारूचं मात्र सविस्तर सांगायला हवं. एसटी स्टँडवर, झाडांच्या बुंध्यांवर जाहिराती असतात, "पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा." बायका काटकसर करून ती पुडी आणतात आणि भाजीत कालवतात. असं कधीही करू नका. दारू सोडवण्यासाठी वापरतात ती काही औषधं पोटात असताना माणूस प्यायला, तर जिवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टर ती रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात. दुसरं, जो रोज भरपूर पितो त्याला घरात कोंडून एकदम दारू बंद करू नका. थरकाप होतो, भास होतात, फिट येऊ शकते. हे काम दवाखान्यातच व्हायला हवं. पुण्यात १९८६ साली डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र अनेकांना माहीत आहे. तिथे पिणाऱ्यांच्या बायकांसाठीही गट चालतो. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी भरतात, पैसे लागत नाहीत. तो यायला तयार नसेल तर तुम्ही बायकांच्या गटात जा. त्याच्या उधाऱ्या फेडणं, साहेबांना फोन करून "त्यांना ताप आहे" असं खोटं सांगणं कसं थांबवायचं, हे तिथल्या बायका तुम्हाला स्वतःच्या अनुभवातून सांगतील.

आता मारहाणीबद्दल. वर जे सगळं सांगितलं, बोला, थांबा, ऐकून घ्या, ते मारहाणीला लागू नाही. हात उचलणं हा ताणाचा परिणाम म्हणून सोडून देण्याची गोष्ट नाही. "रागात झालं", "प्यायलेले होते", "एकदाच मारलं", "मी उलट बोलले म्हणून" ही सगळी वाक्यं मी ऐकली आहेत आणि त्यांतल्या एकाही वाक्याने मारणं योग्य ठरत नाही. अशा घरात आधी बाईची आणि मुलांची सुरक्षितता बघायची, समेटाचं नंतर. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा फक्त माराबद्दल नाही. सततचा अपमान, शरीरसंबंधाची जबरदस्ती, खर्चाला पैसे न देणं, तिचे दागिने किंवा पगार काढून घेणं हेही त्यात येतं. घर कुणाच्याही नावावर असो, ज्या घरात ती नांदते तिथे राहण्याचा तिला हक्क आहे. या कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, ते अर्ज करायला मदत करतात. पोलिस ठाण्यात एकटीने जायला धीर होत नसेल तर महिला आणि मुलांसाठीच्या विशेष कक्षाची चौकशी करा. टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि मुंबई पोलिस यांनी १९८४ साली हा पहिला कक्ष सुरू केला. तिथे समाजकार्य शिकलेली माणसं बसतात. महिलांसाठी १८१ हा हेल्पलाइन क्रमांक आहे, जीव धोक्यात असेल तर ११२. मार खाणारा पुरुष असेल तर त्यानेही ११२ ला फोन करावा, लाज बाळगू नये.

ज्या बाईला घरात भीती वाटते तिने एक पिशवी तयार ठेवावी आणि ती शेजारी किंवा मैत्रिणीकडे ठेवावी. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले, रोजची औषधं, थोडे पैसे. दोन फोन नंबर पाठ असावेत, कारण मोबाइल आधी हिसकावला जातो. आणि माहेरच्यांनो, मुलगी रात्री दारात उभी राहिली तर "सकाळी सोडून येतो" असं म्हणू नका. तिला आधी जेवायला घाला, झोपू द्या. काय करायचं ते दोन दिवसांनी तिला विचारून ठरवा.

समजा एवढं करूनही दोघांना एकत्र राहणं जमत नाही. तरी वेगळं होणं म्हणजे बेइज्जत होणं नव्हे. रोज एकमेकांचा अपमान करत, मुलांना मध्ये ओढत काढलेल्या वर्षांपेक्षा ते पुष्कळदा बरं. १९८४ च्या कायद्याने कौटुंबिक न्यायालयं आली आणि आधी तडजोडीचा प्रयत्न करणं हे त्या न्यायालयाचं कर्तव्यच मानलं गेलं. महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात. त्यांच्या खोलीत बोललेलं गोपनीय राहतं, त्यामुळे तिथे मोकळेपणाने बोला, घरून पाठ करून आणलेलं नको. हिंदू विवाह कायद्यानुसार परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा तर अर्ज करण्याआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि अर्जानंतर सहा महिन्यांचा काळ असतो. समेटाची शक्यताच उरलेली नसेल तर हे सहा महिने न्यायालय माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा किंवा तालुका कोर्टातल्या विधी सेवा कार्यालयात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो. त्यांचा फोन १५१००. मुलांचा ताबा कुणाकडेही गेला तरी दुसऱ्या पालकाला भेटून आल्यावर मुलाची उलटतपासणी घेऊ नका. "तिकडे काय खाल्लं, कोण कोण होतं, माझ्याबद्दल काय म्हणत होते?" मूल दोन्ही घरांत गप्प राहायला शिकतं.

एक गोष्ट जड मनाने, पण स्पष्ट लिहिते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांतल्या ३१.७ टक्के मृत्यूंमागे कौटुंबिक समस्या हे कारण नोंदलं गेलं. सगळ्यात जास्त मृत्यू महाराष्ट्रात होते, २२,७४६. देशभरात दर दहांमध्ये सात पुरुष होते. आपण मुलग्यांना रडू देत नाही, नवऱ्यांना "तुम्हाला काय होतंय?" असं विचारत नाही, त्याची ही किंमत आहे असं माझं मत आहे. घरात कुणी "मी गेलेलाच बरा", "माझ्याशिवाय तुमचं नीट होईल" असं म्हणायला लागलं, आवडत्या वस्तू वाटायला लागलं, एकाएकी निरोपाची भाषा बोलायला लागलं, तर ती धमकी समजून सोडून देऊ नका. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बोलायला जागा मिळते. त्याला एकटं ठेवू नका. शेतावरचं औषध आणि घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा. टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतून बोलता येतं. ही सेवा टोकाच्या वेळेसाठीच आहे असं नाही. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, घरी जावंसं वाटत नाही, एवढ्यासाठीही तिथे फोन करता येतो.

शेवटी नेहमी विचारलं जातं, "पण ते येणारच नाहीत, मग काय करू?" तुम्ही एकट्याने या. दोघांनी आलं पाहिजे असा नियम नाही, आणि एकाचं वागणं बदललं की दुसऱ्याचं पुष्कळदा थोडं हलतं. घरी सांगताना भांडणात सांगू नका, "चल, तुला दाखवायला नेतो" असं तर अजिबात नको. जेवण झाल्यावर, आवाज न चढवता म्हणा, "मला हे एकट्याने निभत नाही. मी शनिवारी समुपदेशकाकडे जाणार आहे. तुम्ही बरोबर आलात तर बरं वाटेल. नाही आलात तरी मी जाणार आहे." पहिल्या भेटीत निकाल लागत नाही, कुणी रागावत नाही, सह्या घेत नाही. ओळख होते आणि कशाने त्रास होतोय ते विचारलं जातं. समोरच्या समुपदेशकाशी सूर जुळला नाही तर दुसरा बघा, तुम्हाला तो हक्क आहे. जाताना मामा-काकांना बरोबर घेऊ नका. बाळ लहान असेल तर खुशाल घेऊन जा.